व्याख्या पाठ आहेत, पण वाक्य समोर आलं की गोंधळ होतो: इंग्रजी अलंकार, शब्दार्थ आणि विरामचिन्हांचा सराव कसा करावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता बारावी. 'फिगर्स ऑफ स्पीच'च्या २२ व्याख्या तोंडपाठ आहेत, यादीतले २० शब्द रोज पाठ करता, विरामचिन्हांचे नियम दोनदा लिहून काढलेत. तरी सरावात निम्मी उत्तरं चुकतात. रोज ४० मिनिटं आहेत, ती कशी वापरू? आणि सोबत एक ओळ: 'द थर्स्टी फील्ड्स वेटेड फॉर जून.' तुम्ही 'ट्रान्सफर्ड एपिथेट' लिहिलंत, उत्तरात 'पर्सॉनिफिकेशन' दिलंय. असं का?

तुमची मेहनत कमी पडत नाहीये, ती उलट्या दिशेने चाललीय. नाव ऐकलं की व्याख्या आठवायची, शब्द ऐकला की अर्थ आठवायचा, हा तुमचा सराव झाला. कागदावर मात्र आधी वाक्य येतं. त्यातून नाव शोधायचं असतं, अर्थ ठरवायचा असतो, कॉमा कुठे द्यायचा ते बघायचं असतं. म्हणजे तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट लागते: वाक्यातल्या कुठल्या शब्दामुळे हे उत्तर ठरलं, तो शब्द बोटाने दाखवता येणं. तो दाखवता आला नाही तर बरोबर आलेलं उत्तरही अंदाजच समजा.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. बोर्डाच्या पेपरात अलंकाराचं नाव आणि स्पष्टीकरण दोन्ही द्यायचं असतं. स्पर्धा परीक्षेच्या पर्यायी प्रश्नात नुसतं नाव पुरतं, पण तिथे चार पर्यायांपैकी दोन मुद्दाम जवळचे ठेवलेले असतात. परीक्षेला तीन महिने असतील तर खाली लिहिलेलं सगळं करा. तीनच आठवडे असतील तर काय गाळायचं ते शेवटी सांगतो. आणि पाठ्यपुस्तकातला साधा उतारा वाचतानाच प्रत्येक ओळीत तीन-चार शब्द अडत असतील, तर अलंकार बाजूला ठेवून आधी महिनाभर फक्त वाचन करा. ज्या वाक्याचा सरळ अर्थच लागला नाही, त्यातला वाकडा अर्थ कसा दिसणार?

आता अलंकार. ओळ समोर आली की नाव आठवू नका. पहिला प्रश्न विचारा: इथे गंमत कशात आहे, आवाजात, शब्दांच्या मांडणीत की अर्थात? एवढ्या एका प्रश्नाने २२ नावांतली बरीच बाद होतात. आवाजात असेल तर 'अलिटरेशन' (तोच ध्वनी पुन्हा येणं), 'ऑनोमॅटोपिया' (आवाजाची नक्कल करणारा शब्द) वगैरे. मांडणीत असेल तर 'रिपिटिशन' (तोच शब्द पुन्हा), 'इन्व्हर्जन' (शब्दांचा नेहमीचा क्रम उलटणं), 'क्लायमॅक्स' (चढत्या क्रमाने मांडणी), 'अँटिथेसिस' (विरोधी शब्द समोरासमोर). अर्थात असेल तर दुसरा प्रश्न: हे वाक्य शब्दशः खरं असू शकतं का? शकत नसेल, तर नेमकी कोणत्या दोन गोष्टींची सांगड घातलीय आणि ती कशाच्या जोरावर? साम्याच्या, निकटच्या संबंधाच्या, विरोधाच्या की फुगवून सांगण्याच्या?

या पद्धतीने तुमची ओळ बघा. शेतं तहानलेली नसतात, म्हणजे गंमत अर्थात आहे. 'ट्रान्सफर्ड एपिथेट'मध्ये विशेषण एका नामाचं असतं आणि बसवलेलं असतं दुसऱ्याला. तेव्हा कसोटी अशी: विशेषण उचला आणि वाक्यातल्या, किंवा वाक्यावरून सहज कळणाऱ्या, माणसाला लावून बघा. 'ही स्पेंट अ स्लीपलेस नाइट' यात झोप न आलेला तो आहे, रात्र नव्हे. विशेषण त्याला लावलं की अर्थ जागच्या जागी बसतो. तुमच्या ओळीत 'थर्स्टी' कुणाला लावणार? माणूसच नाही. उलट पुढचं क्रियापद 'वेटेड' सांगतंय, की शेतंच वाट बघत होती. वाट बघणं हे माणसाचं काम, ते शेताला दिलं, म्हणून 'पर्सॉनिफिकेशन'. हीच ओळ 'द फार्मर्स वॉक्ड होम अलाँग द थर्स्टी रोड' अशी असती, तर तुमचं उत्तर बरोबर ठरलं असतं, कारण तहानलेले शेतकरी आणि विशेषण रस्त्याला. लक्षात ठेवा, विशेषणापाशी थांबू नका, क्रियापदापर्यंत जा.

मराठीतून आलेल्या मुलांना एक सोय आहे आणि एक अडचण. सोय अशी, की उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती, अतिशयोक्ती, श्लेष हे सगळं शाळेत झालेलं असतं. अडचण अशी, की आपले अलंकार आणि इंग्रजीतले अलंकार एकास एक जुळत नाहीत. 'जणू' आलं की आपण उत्प्रेक्षा म्हणतो. इंग्रजीत 'अ‍ॅज इफ' लावून केलेली तुलना 'सिमिली'तच, म्हणजे उपमेतच जाते, वेगळं नाव नाही. आपला अनुप्रास ओळीत अक्षर कुठेही पुन्हा आलं तरी चालतो, 'अलिटरेशन'ला मात्र जवळजवळच्या शब्दांच्या आरंभी तोच व्यंजनध्वनी हवा. मधलं-शेवटचं व्यंजन पुन्हा आलं तर ते 'कॉन्सोनन्स', स्वर आला तर 'असोनन्स'. विरोधाभास हा आपला एकच अलंकार, तिकडे त्याच्या दोन वाटण्या आहेत: विरोध शेजारच्या दोन शब्दांत मावला तर 'ऑक्सिमोरॉन', उदाहरणार्थ 'ओपन सीक्रेट'. त्यासाठी सगळं वाक्य लागलं तर 'पॅरडॉक्स', जसं 'द मोर यू गिव्ह, द मोर यू हॅव्ह'. आणि 'अँटिथेसिस'मध्ये विरोधी शब्द समोरासमोर तोलून बसवलेले असतात, पण वाक्य स्वतःलाच खोडत नाही: 'मॅन प्रपोझेस, गॉड डिस्पोझेस.' या तिघांत गोंधळ झाला की एकच विचारा, वाक्य पहिल्या वाचनात अशक्य वाटलं का? वाटलं नसेल तर 'अँटिथेसिस'.

'अलिटरेशन'साठी एक युक्ती सांगतो, ती फक्त आपल्यालाच जमते. ओळ देवनागरीत लिहून काढा. इंग्रजी स्पेलिंग फसवतं. 'सिटी' आणि 'कॅट' दोन्ही 'सी'ने सुरू होतात, पण ध्वनी वेगळे. 'फोन' आणि 'फिश'ची पहिली अक्षरं वेगळी, ध्वनी मात्र एक. 'शाइन' आणि 'सॅड'मध्येही डोळ्यांना 'एस' दिसतो, कानाला नाही. देवनागरीत लिहिलं, की फ-फ, स-क, श-स लगेच उघडं पडतं. या युक्तीला भोक एकच: 'व्ही' आणि 'डब्ल्यू' या दोन वेगळ्या ध्वनींना आपण बहुतेक वेळा एकच 'व' लिहितो. तेवढं सांभाळा.

'सिमिली'त सर्रास होणारी चूक म्हणजे 'लाइक' दिसला की उत्तर लिहून मोकळं होणं. 'शी सिंग्ज लाइक हर मदर' यात मुलगी आणि आई, दोघी एकाच जातीच्या. ही साधी तुलना झाली. 'सिमिली'ला दोन भिन्न जातींच्या गोष्टी लागतात. 'अ‍ॅज'चं तर आणखी वेगळं, तो 'कारण' किंवा 'असताना' या अर्थानेही येतो.

'मेटॉनिमी' आणि 'सिनेक्डकी' या जोडीला मुलं घाबरतात, पण हे दोन्ही आपण दिवसभर बोलत असतो. 'मंत्रालयाने आदेश काढला' यात इमारतीचं नाव घेतलं, आदेश काढणारी माणसं. इमारत हा माणसांचा भाग नव्हे, फक्त निकटचा संबंध आहे. ही 'मेटॉनिमी'. 'घरात खाणारी तोंडं सात' यात तोंड हा माणसाचाच भाग, भागावरून पूर्ण माणूस. ही 'सिनेक्डकी'. 'द केटल इज बॉइलिंग' म्हणजे उकळतंय पाणी, नाव भांड्याचं: पुन्हा 'मेटॉनिमी'. स्वतःच्या घरातली अशी पाच-पाच मराठी वाक्यं काढा, इंग्रजी उदाहरणं मग आपोआप ओळखू येतील.

'ऑनोमॅटोपिया'त मात्र मराठी कान दगा देतो. खळखळ, सळसळ, किणकिण हे आवाजच आहेत. पण लखलख, चमचम, लुसलुशीत यांत आवाज कुठे आहे? तरी आपल्याला ते त्याच घरातले वाटतात. म्हणून 'ग्लिटर', 'ट्विंकल' अशा शब्दांना मुलं 'ऑनोमॅटोपिया' लिहितात. शब्द उच्चारल्यावर खरोखरचा एखादा आवाज ऐकू यायला हवा: 'बझ', 'हिस', 'स्प्लॅश'.

'अपॉस्ट्रॉफी' हे नाव अलंकाराचंही आणि विरामचिन्हाचंही, त्यामुळे दचकू नका. दोन्हींचं मूळ ग्रीकमधल्या 'वळून जाणे' या अर्थाच्या शब्दात आहे. अलंकारात बोलणारा समोरच्यांपासून वळून जे हजर नाही, ऐकू शकत नाही, त्याला हाक मारतो. 'ओ विंड, व्हेअर आर यू गोइंग?' हा अलंकार. 'सुरेश, कम हिअर' यात सुरेश समोरच उभा आहे, तेव्हा ती नुसती हाक.

एका ओळीत दोन अलंकार निघाले तर? निघतात, आणि त्यात गैर काही नाही. ज्याचा पुरावा जास्त ठाम, तो लिहा. 'द ओल्ड बस कॉफ्ड इट्स वे अप द घाट' घ्या. 'कॉफ्ड'मध्ये इंजिनाचा आवाजही ऐकू येतो, पण ठाम पुरावा खोकण्याच्या क्रियेचा आहे. स्पष्टीकरणात तीन गोष्टी असाव्यात: कोणती वस्तू, तिला माणसाचं काय दिलं, आणि त्याने ओळीत काय साधलं. इथे: बस ही निर्जीव वस्तू, तिला खोकण्याची मानवी क्रिया दिली, त्यामुळे म्हाताऱ्या माणसासारखी धापा टाकत चढणारी गाडी डोळ्यांसमोर येते. दोन वाक्यांत संपतं. 'पोएटने निर्जीव वस्तूला सजीव मानले आहे' एवढंच लिहिलं तर ती व्याख्या झाली. ते वाक्य कुठल्याही ओळीखाली चिकटवता येतं, म्हणून तपासणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही.

शब्दसंग्रहाकडे येऊ. रोजचे २० शब्द बंद करा. यादीत शब्दासमोर एकच अर्थ असतो आणि प्रश्न नेमका दुसऱ्या अर्थावर येतो. 'टेंडर' म्हटलं की आपल्याला निविदा आठवते. 'टेंडर लीव्ह्ज'मध्ये तो कोवळा, 'ही टेंडर्ड हिज रेझिग्नेशन'मध्ये राजीनामा सादर केला. 'सँक्शन' म्हणजे मंजुरी, आणि एखाद्या देशावर 'सँक्शन्स' लादली तर निर्बंध, अगदी उलट. काही इंग्रजी शब्द मराठीत येऊन आक्रसले आहेत, ते जास्त धोक्याचे, कारण ते आपल्याला येतात असं वाटतं. 'मेस' आपल्याकडे फक्त खानावळ, उताऱ्यात तो बहुतेक वेळा पसारा किंवा गोंधळ असतो. 'डाउट' आपण अडलेल्या प्रश्नाला म्हणतो, इंग्रजीत त्यात खात्री नसण्याचा, अविश्वासाचा रंग आहे.

उताऱ्यात शब्द अडला की असं करा. त्यावर बोट ठेवून तो झाका. त्या जागी नाम लागतंय, क्रियापद की विशेषण, ते ठरवा. मग आजूबाजूला जोडशब्द शोधा. 'बट', 'ऑल्दो', 'अनलाइक' दिसले तर अर्थ पलीकडच्या बाजूच्या उलट असतो. 'दॅट इज', 'ऑर', दोन कॉमांमधला मजकूर, डॅश हे बहुधा तोच अर्थ सोपा करून सांगतात. 'सो', 'बिकॉज' कारण-परिणाम जोडतात. आता झाकलेल्या जागी एखादा मराठी शब्द घाला आणि शेजारी अधिक किंवा उणे खूण करा, म्हणजे शब्द कौतुकाचा की नाराजीचा. इथवर आल्यावरच पर्याय वाचा, आणि निवडलेला पर्याय वाक्यात बसवून पूर्ण वाक्य पुन्हा वाचा. 'ऑल्दो द न्यू ऑफिसर वॉज टॅसिटर्न, हिज क्लार्क टॉक्ड ऑल डे.' 'टॅसिटर्न' कधी पाहिला नसला तरी 'ऑल्दो' आणि 'टॉक्ड ऑल डे' मिळून सांगतात: साहेब अबोल. पर्याय आधी वाचलेत तर त्यातला ओळखीचा शब्द तुम्हाला ओढून नेतो.

अधिक-उणे खूण करायला आळस करू नका. 'थ्रिफ्टी' आणि 'स्टिंजी' दोघेही पैसे कमी खर्च करतात, पण एक काटकसरी आणि दुसरा कंजूष. 'स्लिम' सडपातळ, 'स्किनी' काटकुळा. 'फ्यू' म्हणजे जवळपास नाहीतच, 'अ फ्यू' म्हणजे आहेत की थोडे. 'ही वर्क्स हार्ड' तो कष्टाळू, 'ही हार्डली वर्क्स' तो कामचोर. समानार्थी शब्दाच्या प्रश्नात बरेच सापळे या खुणेनेच सुटतात.

उपसर्गावरून अर्थ काढा असं सगळे सांगतात. काढा, पण तपासून. 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे किंमत नसलेलं नव्हे, ज्याची किंमतच करता येत नाही असं. आपल्या 'अमूल्य'सारखंच: तिथेही 'अ' आहे आणि अर्थ टाकाऊ नाही. 'इन्फ्लेमेबल' म्हणजे चटकन पेट घेणारं, टँकरवर लिहिलेलं असतं ते. तिथे 'न पेटणारं' असा अर्थ लावणं महागात पडेल.

वहीत रोज सहा शब्द पुरे. पण प्रत्येक शब्द ज्या वाक्यात सापडला ते पूर्ण वाक्य, त्या वाक्यापुरता मराठी अर्थ, आणि त्याचा शेजारी. शेजारी म्हणजे जो शब्द त्याच्यासोबत कायम येतो. आपण चहा कडक म्हणतो आणि पाऊस मुसळधार म्हणतो, पाऊस कडक म्हणत नाही. तसंच 'स्ट्राँग टी' पण 'हेवी रेन', 'मेक अ मिस्टेक' पण 'डू होमवर्क'. याला नियम नाही, म्हणून जोडी लिहूनच ठेवावी लागते. उजळणी दुसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी करा: मराठी अर्थ झाकून वाक्य वाचा, अर्थ सांगा. शब्द सुटा विचारू नका. शब्दकोश इंग्रजी-इंग्रजी वापरा, विद्यार्थ्यांसाठीचा, आणि पहिला अर्थ वाचून तो मिटू नका. तुमच्या वाक्यात कितव्या क्रमांकाचा अर्थ बसतो तो आकडा वहीत टिपा.

विरामचिन्हांचा विषय जरा जास्त वेळ घेईल. मराठीत ही चिन्हं रुळवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीला हातभार लावणारे तेच. म्हणजे आपला कॉमा तिकडूनच आला, पण इथे राहून त्याने इथल्या सवयी धरल्या. चुका होतात त्या या सवयींमुळे.

सर्वांत आधी 'श्वास घ्यायचा तिथे कॉमा' हा सल्ला विसरा. मराठीत लांबलचक कर्ता आला की आपण थांबतो, आणि त्याच सवयीने 'द बॉय हू केम यस्टरडे, इज माय कझिन' असं लिहितो. इंग्रजीत कर्ता आणि त्याचं क्रियापद यांच्यात एकटा कॉमा कधीच येत नाही. श्वासाऐवजी क्रियापदं मोजा. काळ दाखवणाऱ्या प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा, त्याचा कर्ता शोधा, आणि दोन पूर्ण वाक्यांच्या मधे काय आहे ते बघा. 'द बस वॉज लेट, वी मिस्ड द एक्झाम.' दोन क्रियापदं, दोन कर्ते, मधे नुसता कॉमा. मराठीत 'बस उशिरा आली, परीक्षा चुकली' अगदी सुरेख चालतं. इंग्रजीत ही चूक धरतात. दुरुस्तीचे चार मार्ग: फुलस्टॉप, अर्धविराम, कॉमा आणि 'सो', किंवा पहिल्या वाक्याला 'बिकॉज' लावून ते गौण करणं. 'हाउएव्हर' हा 'बट'सारखा दिसतो, पण 'बट'चं काम करत नाही. दोन पूर्ण वाक्यांच्या मधे तो आला तर त्याच्या आधी अर्धविराम किंवा फुलस्टॉप आणि नंतर कॉमा.

'तो म्हणाला, की' किंवा 'तो म्हणाला की,' असं आपण लिहितो. हाच कॉमा 'ही सेड, दॅट' मध्ये उतरतो. तिथे तो नको, 'दॅट'च्या आधीही नको आणि नंतरही नको. तसंच 'त्याने विचारलं, की तू कुठे राहतोस?' यातलं प्रश्नचिन्ह 'ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड'च्या शेवटी ओढून आणू नका. सगळं वाक्य मिळून विधान आहे, त्यामुळे फुलस्टॉप.

कॉमाने अर्थ बदलतो तो 'हू' आणि 'विच'च्या वाक्यांत. 'माय ब्रदर हू लिव्ह्ज इन नाशिक इज अ नर्स.' कॉमा नाही, म्हणजे भाऊ एकाहून जास्त, त्यातला नाशिकचा. 'माय ब्रदर, हू लिव्ह्ज इन नाशिक, इज अ नर्स.' भाऊ एकच, नाशिक ही जादा माहिती. जादा माहिती कंसासारखी असते, म्हणून कॉमा दोन लागतात. मुलं पहिला देतात आणि दुसरा विसरतात. तो मधला मजकूर हाताने झाकून उरलेलं वाक्य तेच सांगतंय का ते बघा. सांगत असेल तर दोन्ही कॉमा, नसेल तर एकही नाही.

अपॉस्ट्रॉफी हे चिन्ह मराठीला लागतच नाही, त्यामुळे ते दिसतच नाही. 'इट्स' कानाला एकच ऐकू येतं, लिहायची पद्धत दोन. तिथे 'इट इज' किंवा 'इट हॅज' बसवून बघा. बसलं तर अपॉस्ट्रॉफी, नाही बसलं तर तो शब्द 'त्याचं' या अर्थाचा, आणि 'हिज', 'हर्स'प्रमाणे त्यालाही चिन्ह नाही. मालकी दाखवताना आधी मालकाचं नाव पूर्ण लिहा, मग चिन्ह द्या. विद्यार्थी एक असेल तर चिन्ह 'एस'च्या आधी. अनेक असतील तर 'एस' आधीच लिहून झालेला असतो, चिन्ह त्याच्या नंतर. साध्या अनेकवचनाला ते कधीच नको, दुकानाच्या पाटीवर कितीही दिसलं तरी.

अपूर्णविरामाच्या, म्हणजे कोलनच्या, आधी पूर्ण वाक्य असावं लागतं. 'वी नीड' लिहून लगेच अपूर्णविराम देऊन यादी सुरू करू नका. आणि देवनागरीत मोठी-छोटी अक्षरं नसल्याने कॅपिटलची तपासणी शेवटी स्वतंत्रपणे करा: वाक्याची सुरुवात, वार, महिने, भाषांची नावं, 'मी' अर्थाचा 'आय', आणि अवतरणचिन्हातलं पहिलं अक्षर. शेवटचा कॉमा किंवा फुलस्टॉप अवतरणचिन्हाच्या आत की बाहेर, यावर ब्रिटिश आणि अमेरिकी रीत वेगळी आहे. त्यावर वाद घालत बसू नका, तुमच्या पाठ्यपुस्तकात जसं छापलंय तसं ठेवा.

याचा सराव असा: चांगल्या गद्याचा १०० ते १२० शब्दांचा परिच्छेद घ्या, सगळी विरामचिन्हं आणि कॅपिटल काढून वहीत उतरवा. दोन दिवस तसाच राहू द्या. मग मूळ न बघता चिन्हं भरा आणि ताडून पाहा. जिथे फरक दिसेल तिथे समासात कारण लिहा. प्रत्येक फरक म्हणजे चूक नसते. तीन वस्तूंच्या यादीत 'अँड'च्या आधीचा कॉमा काही लोक देतात, काही देत नाहीत. पण दोन पूर्ण वाक्यांच्या मधे तुम्ही नुसता कॉमा दिला असेल, तर ती चूकच.

आता ४० मिनिटं. तिन्हीसाठी वेगळी पुस्तकं नकोत, एकच उतारा घ्या. पहिली ५ मिनिटं नुसतं वाचन, पेन्सिल खाली. पुढची १२ मिनिटं सहा शब्द वर सांगितलेल्या पद्धतीने. मग १० मिनिटं दोन दिवसांपूर्वीच्या उताऱ्यात चिन्हं भरणं. ८ मिनिटं अलंकार: दोनच ओळी, पण पूर्ण स्पष्टीकरणासह. उरलेली ५ चुकांच्या वहीसाठी. चार दिवस गद्य, दोन दिवस कविता. वर्तमानपत्रातलं गद्यही चालेल, पण त्यातली 'प्राइसेस सोअर्ड' अशी रूपकं वापरून वापरून गुळगुळीत झालेली असतात. सुरुवातीला ती ओळखायला बरी, उत्तरात मात्र कवितेतल्या ताज्या ओळी लागतील.

चुकांच्या वहीत बरोबर उत्तर उतरवून उपयोग नाही, चूक का झाली ते लिहा. त्यासाठी चार अक्षरं पुरतात: 'व' म्हणजे व्याख्याच माहीत नव्हती, 'पु' म्हणजे वाक्यातला पुरावा बघितला नाही, 'म' म्हणजे मराठीची सवय आडवी आली, 'घ' म्हणजे घाई. तुम्ही जे वर्णन केलंत त्यावरून पहिल्या पंधरवड्यात 'पु' आणि 'म'च भरतील, 'व' फारशी दिसणार नाही. 'म' जास्त असतील तर विरामचिन्हांचा वेळ १५ मिनिटं करा आणि अलंकारांचा ३ वर आणा. पहिल्या दोन आठवड्यांत तुमचा वेग कमी होईल, पूर्वी मिनिटभरात सोडवलेल्या प्रश्नाला तीन मिनिटं लागतील. तेव्हा घाबरून यादीकडे परत जाऊ नका. रेघा मारायची आणि शब्द झाकायची सवय हाताला लागली, की वेग पुन्हा वाढतो.

परीक्षेला तीनच आठवडे असतील तर नवीन शब्द रोज तीनवर आणा. 'मेटॉनिमी' आणि 'सिनेक्डकी' सोडू नका, ती एका संध्याकाळी होतात. त्याऐवजी क्वचित विचारली जाणारी नावं गाळा. तुमच्या पाठ्यपुस्तकातल्या कवितांमधल्या ओळी मात्र सगळ्या हाताखालून जाऊ द्यात, प्रत्येकीला दोन वाक्यांचं स्पष्टीकरण लिहून. विरामचिन्हांत कॉमाने जोडलेली दोन वाक्यं, 'दॅट'च्या आधीचा कॉमा, अप्रत्यक्ष प्रश्न आणि 'इट्स' एवढी चार ठिकाणं पक्की करा. मराठी माध्यमातल्या मुलांच्या वहीत लाल रेघा बहुतेक वेळा याच चार ठिकाणी असतात.